इंजिन बरोबर घ्यायचं की नाही

ऑगस्ट 2024 च्या पुरात आमची जुनी पेट्रोल गाडी गेली. बडोद्यातली विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर चढली होती आणि कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये छातीभर पाणी दोन दिवस हललं नाही. विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ म्हणून फाईल बंद केली, हातात आले ते पैसे नव्या गाडीच्या डाउन पेमेंटलाही अपुरे होते. वर्षभर माझी स्कूटर, नवऱ्याची कंपनीची बस आणि आबांसाठी रिक्षा असं चालवलं. मग आबांच्या गुडघ्याने रिक्षाला नाही म्हटलं आणि गाडी घेणं भाग पडलं.

आबा म्हणजे माझे सासरे. नवरा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मेकॅनिकल इंजिनिअर. मी हिशेबाच्या कामात आहे, त्यामुळे घरात कुठल्याही मोठ्या खरेदीची वही माझ्याकडे असते. आमची गरज फार नव्हती. रोजचं जाणं-येणं, आबांची फिजिओथेरपी, रविवारी दांडिया बाजाराकडे एखादी चक्कर, सगळं धरून रोजचे पस्तीस-चाळीस किलोमीटर. वर्षातून तीन-चार वेळा नाशिक, कारण माझं माहेर तिथलं. रस्ता चारशेच्या आसपास, मध्ये सापुताऱ्याचा घाट.

नवऱ्याच्या डोक्यात रेंज एक्स्टेंडर बसला होता. इंजिन नसलेली गाडी त्याला मनातून पटत नाही, आणि पेट्रोलवरच चालणारी गाडी आता जुनाट वाटते. या दोन्हींच्या मधली ही सोय त्याला आवडणारच. कल्पना सोपी आहे. गाडीत बऱ्यापैकी मोठी बॅटरी, ती घरी प्लग लावून भरायची, चाकं फिरवणार फक्त मोटर. बॅटरी उतरली की एक छोटं पेट्रोल इंजिन सुरू होतं. ते चाकांना जोडलेलं नसतं, नुसती वीज तयार करतं. लग्नाच्या हॉलमागे जनरेटर उभा असतो ना, तो डिकीत घेऊन फिरायचं. शहरात विजेवर, लांबच्या प्रवासात पेट्रोलवर, चार्जर शोधायची कटकट नाही.

ऐकायला इतकं बरं वाटलं की मीही शोधायला लागले. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की आमच्या बजेटमध्ये अशी गाडी शोरूममध्ये नव्हतीच. इथे ‘स्ट्राँग हायब्रिड’ म्हणून मिळतात त्या टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा, होंडा सिटी या गाड्या वेगळ्या. त्यांना प्लगच नाही. हायरायडर आणि ग्रँड विटाराची हायब्रिड बॅटरी 0.76 युनिटची, म्हणजे विजेच्या बिलातल्या एका युनिटाहूनही लहान. इलेक्ट्रिक गाडीत ती चाळीस-पन्नास युनिटांची असते. ही छोटी बॅटरी ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती साठवते, सिग्नलवर आणि गर्दीत गाडी पुढे सरकवते, आणि इंजिनला त्याच्या सोयीच्या गतीत चालू देते. कामाची आहे, पण शेवटी सगळी ऊर्जा पेट्रोल पंपावरूनच येते.

त्यातल्या त्यात होंडा सिटीची रचना रेंज एक्स्टेंडरच्या जवळची. शहरात इंजिन जनरेटर फिरवतं आणि मोटर चाकं फिरवते. मांजलपूरला माझ्या मावसदिरांकडे ती आहे. एका रविवारी आम्ही ती मागून घेतली. शहरात गाडी खरोखर गुपचूप चालते. पाय दाबला की कधी इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि गाडी मागून, कधी उलटं. आबांना ते विचित्र वाटलं, मला पाच मिनिटांत सवय झाली. हायवेला लागल्यावर मात्र नवरा एकदम गप्प झाला. त्याला माहीत असलेली गोष्ट आता पायाखाली जाणवत होती: वेग स्थिर झाला की होंडाची क्लच लागते आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं.

असं का करतात, ते त्याने घरी येऊन कागदावर काढून दाखवलं. इंजिनाची ताकद आधी विजेत बदलायची, मग ती वीज पुन्हा मोटरमधून ताकदीत, यात प्रत्येक टप्प्यावर थोडं गळतं. शहरात ही गळती परवडते, कारण तिथे इंजिन एरवी फार वाईट चालतं. हायवेला एका गतीत चालणारं इंजिन तसंच काटकसरी असतं, तिथे मध्ये वीज आणणं म्हणजे नुकसान. म्हणून होंडाने हायवेला थेट जोडणी ठेवली. आणि शुद्ध रेंज एक्स्टेंडरला इंजिन लागतं कधी? हायवेलाच! ज्या रस्त्यासाठी तो सोबत न्यायचा, तिथेच त्याचा हिशेब सगळ्यात कमजोर. हे स्वतःच्या तोंडाने सांगताना नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग बाहेरच्या देशांतल्या अशा गाड्यांची माहिती त्यानेच काढली. बीएमडब्ल्यूच्या आय-3 मध्ये 2013 पासून रेंज एक्स्टेंडर मिळायचा. इंजिन त्यांच्याच स्कूटरवरून घेतलेलं, दोन सिलिंडरचं, 647 सीसी, आणि पेट्रोलची टाकी 9 लिटरची. अशा छोट्या इंजिनाला सपाट रस्त्यावर बॅटरी सांभाळून धरता येते, पण हायवेच्या वेगाने लांबचा चढ आला की मोटर जितकी वीज खाते तितकी ते बनवू शकत नाही. घाट चढायचा तर बॅटरीत आधीपासून काही राखून ठेवावं लागतं. सुरुवातीला आय-3 ची बॅटरी 22 युनिटांची होती, पुढे 33, मग 42. 2018 मध्ये 42 ची आली तेव्हा कंपनीने युरोपात रेंज एक्स्टेंडर देणंच बंद केलं. माझ्या दृष्टीने हा सगळ्या वादातला सर्वांत बोलका पुरावा. बॅटरी वाढली तसं ते इंजिन ओझं झालं.

जनरल मोटर्सची शेवरोले व्होल्ट 2010 ची. ती आपल्याकडे विकायला आलीच नाही. तिच्याबद्दल एक गोष्ट वाचून मला गंमत वाटली. मालक रोज घरी चार्ज करून विजेवरच फिरत राहिला, तर सहा आठवड्यांनी गाडी स्वतःहून इंजिन सुरू करून थोडा वेळ चालवायची, नाहीतर आतले भाग कोरडे पडतात. टाकीतलं पेट्रोल वर्षभर पडून राहिलं तर ते जाळून संपवायची. म्हणजे वापरा न वापरा, तेल, फिल्टर, कूलंट, सगळं सांभाळायचं, आणि वर पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून ते जाळायचं. आमच्या घरी वर्षात तीन-चार फेऱ्यांसाठी इंजिन ठेवायचं तर त्याची गत अशीच होणार होती.

चीनमध्ये अशा गाड्या जोरात खपतात, हे मी नाकारत नाही. तिथल्या ली ऑटोने 2019 मध्ये या प्रकारच्या मोठ्या कुटुंबाच्या गाड्यांवरच धंदा उभा केला. पण त्या गाड्यांना बॅटरी मोठी असते, रोजचं सगळं विजेवर होतं आणि सुट्टीच्या गर्दीत हायवेच्या चार्जरवर रांग लावावी लागत नाही. अशी गाडी इथे रास्त भावात आली तर काही लोकांनी ती घ्यावीच. येईपर्यंत थांबा, असं आबांच्या गुडघ्याला सांगणं शक्य नव्हतं.

मग मी वही उघडली.

बडोद्यात तेव्हा पेट्रोल 95 रुपयांच्या आसपास. हायब्रिड गाडी कंपनीच्या आकड्यात लिटरला 27 किलोमीटर देते, हातात वीस-बावीस येतात. किलोमीटरला साडेचार रुपये धरा. घरची वीज, इंधन अधिभार आणि वीजशुल्क धरून आमच्या बिलात युनिटला आठच्या आसपास पडते. इलेक्ट्रिक गाडी शहरात युनिटमागे सात किलोमीटर जाते. म्हणजे सव्वा रुपयाच्या आत. महिन्याला हजार किलोमीटरवर तीन हजारांच्या वर फरक पडतो, आणि तो दर महिन्याला पडतो.

पण हायवेचा हिशेब निराळा, आणि तो विक्रेता तुम्हाला सांगत नाही. हायवेच्या फास्ट चार्जरवर युनिटला वीस रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी. वेगात गाडी युनिटमागे सहाच किलोमीटर जाते. झाले चार रुपये. हायब्रिडच्या जवळपास तेवढेच! म्हणजे ज्याचं सगळं आयुष्य हायवेवर जातं आणि घरी प्लग नाही, त्याने स्वस्ताईच्या नावाखाली इलेक्ट्रिक गाडी घेऊ नये. ती वाचवते ती घरच्या प्लगमुळे. हा एक मुद्दा मला पुरेसा होता. रेंज किती, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, रात्री गाडी उभी राहते तिथे तुमच्या नावाची वीज पोचते का?

करांचंही सांगायला हवं. इलेक्ट्रिकवर 5 टक्के जीएसटी होता आणि आहे. 22 सप्टेंबर 2025 ला नवे दर लागू झाले तेव्हा मोठ्या हायब्रिडवरचा कर 43 चा 40 झाला, छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा 18 वर आला. त्यात गुजरात सरकारने 2025-26 सालासाठी इलेक्ट्रिक गाड्यांवरचा वाहनकर 6 वरून 1 टक्क्यावर आणलेला. अठरा लाखांच्या गाडीवर हे नव्वद हजार झाले. दसऱ्याच्या आधी शोरूममध्ये गर्दी होती ती छोट्या पेट्रोल गाड्यांसाठी. आम्ही कोपऱ्यात बसून निवांत प्रश्न विचारले.

तरी घाटाची धाकधूक होतीच. म्हणून ठरवलं, वाद घालण्यापेक्षा जाऊन बघू. 45 युनिटांच्या बॅटरीची एक नेक्सॉन भाड्याने घेतली आणि नाशिकला निघालो. भरुचपर्यंत नवा एक्स्प्रेसवे, 2024 मध्ये सुरू झालेला. तिथे नवऱ्याने वेग वाढवला आणि टक्के भराभर उतरायला लागले. ताशी ऐंशीला आणि ताशी शंभरला वीज किती वेगळी लागते, ते स्क्रीनवर उघडं दिसतं. पेट्रोल गाडीतही हेच होत असतं, काटा हळू सरकतो म्हणून आपण बघत नाही.

चिखलीच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात चार्ज करायचं ठरलं होतं. चार्जरला दोन गन, म्हणजे गाडीत खोचायचे प्लग, होत्या. एकीवर ‘बंद आहे’ असा हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला, दुसरीवर एक टॅक्सी. टॅक्सीवाला सुरतेचा, सभ्य माणूस. म्हणाला, ‘बेन, दस मिनिट, एंशी पर नीकळी जईश.’ ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग पडतो, पुढे बसून राहण्यात अर्थ नसतो, हे त्याच्याकडून शिकलो. मग ॲप. ॲपमध्ये आधी पाकिटात पैसे भरायचे, ठरावीक रकमेच्या खाली भरता येत नाही, उरलेले तिथेच पडून राहतात. माझ्या फोनवर अशी चार ॲप झाली आहेत आणि प्रत्येकात शंभर-दीडशे रुपये अडकलेत. केबल चांगलीच जड असते, आबांच्या वयाच्या माणसाला एकट्याने गन बसवणं जमणार नाही. खटका बसला, चार्जरचे पंखे घरघरायला लागले आणि आम्ही आत जाऊन शेव-टमाट्याची भाजी आणि भाकरी मागवली. जेवण येईपर्यंत आबांना दोनदा हातपाय मोकळे करून झाले. पेट्रोल गाडीच्या काळातही आबांना दर दोन तासांनी थांबावं लागायचंच. आमचा थांबा आणि गाडीचा थांबा एकच झाला. तीस वर्षांचा एकटा मुलगा असेल तर त्याला हा वेळ नक्की खुपेल.

वघईनंतर घाट. नवऱ्याने आधीच हिशेब मांडला होता: माणसं-सामानासकट एकोणीसशे किलोची गाडी शंभर मीटर उंच चढवायला अर्धं युनिट. वघई ते सापुतारा सातआठशे मीटरची चढाई, म्हणजे रोजच्या वापरावर चारेक युनिट जादा, या बॅटरीचे नऊ-दहा टक्के. वर पोचलो तेव्हा आकडा त्याच्या कागदाशी एखाद्या टक्क्याने जुळला. तो दिवसभर खूष. मला जास्त आवडला तो परतीचा उतार. पाय ब्रेकवर न ठेवता गाडी स्वतःला धरून उतरते आणि त्यातून बॅटरी भरत राहते. घाटाच्या माथ्यावर जो टक्का होता तोच पायथ्याला, मधले सगळे वळणांचे किलोमीटर फुकटात. ब्रेक तापल्याचा तो ओळखीचा वास नाही. आबांना गाडी लागली नाही, हे माझ्या दृष्टीने मोठं.

एक अडचण तिथेच कळली. डांगच्या जंगलात फोनला रेंज नसते, आणि ॲपवर चालणारा चार्जर फोनच्या रेंजशिवाय काही कामाचा नाही. तेव्हा त्या पट्ट्यात चार्जिंगवर विसंबायचं नाही, खालीच भरून निघायचं.

गाडी ठरली ती एमजीची विंडसर प्रो, 52.9 युनिटांची बॅटरी. कंपनीचा आकडा 449 किलोमीटर. शहरात साडेतीनशे मिळतात, हायवेला पावणेतीनशेच्या आसपास. नाशिकला एका थांब्यात आरामात. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, उन्हाळ्यातल्या आमच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत ही जात जास्त स्थिर समजतात. बॅटरी भाड्याने घेऊन किलोमीटरमागे पैसे भरायची योजनाही होती. गाडीची किंमत त्यात एकदम कमी दिसते, पण किलोमीटरचं भाडं विजेच्या खर्चात मिळवलं की हायब्रिडच्या जवळ जाऊन बसतं. वहीत लाल शाईने काट मारली. नवऱ्याला या गाडीचा एक वेगळाच आनंद: ती बनते चाळीस किलोमीटरवर, पावागडाच्या पायथ्याशी हालोलला. कारखाना एकेकाळी जनरल मोटर्सचा, त्या व्होल्टवाल्यांचा.

खरी लढाई सोसायटीत झाली. सेक्रेटरींचं म्हणणं, आग लागली तर जबाबदार कोण, आणि मीटररूमवर एवढा लोड कसा झेपणार? मी केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतली फेब्रुवारी 2024 ची दुरुस्ती छापून नेली. त्यात इलेक्ट्रिक गाडीसाठी ग्राहकाने मागितलं तर वेगळं कनेक्शन द्यायचं, असं स्पष्ट आहे. कागद बघून निम्मा विरोध मावळला. उरलेला निम्मा मी 7.4 किलोवॅटचा मोठा चार्जर घेणार नाही असं सांगितल्यावर. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला तो लागतच नाही. साध्या 16 अँपिअरच्या पॉइंटवर 3.3 किलोवॅटने रात्रीच्या दहा तासांत तीसेक युनिट जातात, दोनशे किलोमीटरची सोय. शोरूमवाले मोठा चार्जर फुकट बसवून देतो म्हणून मागे लागले होते. केबल, लोडवाढ, परवानग्या फुकट नसतात.

इलेक्ट्रिशियनने पहिल्याच दिवशी मीटर लावून बघितला तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये बारा व्होल्ट. इमारत जुनी, अर्थिंग नावापुरतं. अशा ठिकाणी गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो, फ्रीज-टीव्ही मात्र वर्षानुवर्षं चालत राहतात. मागच्या बाजूला नवा खड्डा खणला, तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ घालून बुजवला, दोन बादल्या पाणी ओतलं. आकडा दोनच्या खाली आला. मग त्याने विचारलं, पॉइंट किती उंचीवर घेऊ? खांबावर पुराच्या पाण्याचा तपकिरी पट्टा अजून आहे. मी पट्ट्याच्या वर एक हात दाखवला.

पुराबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते. या बॅटऱ्यांना आयपी 67 दर्जा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. दोन दिवस नाही. विश्वामित्री पुन्हा आली तर इलेक्ट्रिक, हायब्रिड, पेट्रोल, सगळ्यांची गत एक. गाडी आधीच फतेहगंजच्या पुलावर नेऊन लावायची.

नाशिकला माझा धाकटा भाऊ बियाण्यांच्या कंपनीत आहे. आठवड्यातले पाच दिवस पेठ, सुरगाणा, हरसूल. रात्री कुठे उभा असेल ते त्यालाही माहीत नसतं, आणि राहतो भाड्याच्या घरात. त्याला मी स्वतःहून सांगितलं, तू माझं ऐकून इलेक्ट्रिक घेऊ नकोस, तुझ्यासाठी हायब्रिड ठीक. त्याने मान डोलावली आणि सीएनजी घेतली. सुरगाण्याला गॅस संपला की बटण दाबतो आणि पेट्रोलवर परत येतो. भाऊबीजेला आला तेव्हा म्हणाला, ‘ताई, तुम्ही वर्षभर जी दोन इंधनांची गाडी शोधत होतात ना, ती ही. आणि निम्म्या किमतीत.’ डिकी उघडून बघितली तर सिलिंडरमुळे माझी ओवाळणीची पिशवीसुद्धा त्याला पुढच्या सीटवर ठेवावी लागली होती.